पथ्य

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ही नावे उच्चारली, की आज डोळ्यांपुढे उभे राहतात ते कारखाने, नव्या मोटारींनी भरलेली विस्तीर्ण पटांगणे आणि पाळी सुटताच रस्त्यावर लोटणारी कामगारांची गर्दी. या परिसराचा फळबागांशी काही जिव्हाळ्याचा संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु महाराष्ट्राच्या कोरडवाहू मुलखात आज जी डाळिंबाची झाडे डौलाने उभी आहेत, त्यांच्या कुळाचा शोध घेत निघाले तर वाट याच परिसरात येऊन पोहोचते. आणि त्या झाडांवर जेव्हा मोठे संकट आले, तेव्हा शेतकऱ्यांनी ज्या औषधाकडे धाव घेतली, तेही येथल्याच एका कारखान्यात तयार होत असे. ही हकीकत मला जवळून पाहायला मिळाली, म्हणून ती सांगावीशी वाटते.

पिंपरी-चिंचवडहून चाकणकडे जाताना उजव्या हाताला इंद्रायणीच्या काठी आळंदी लागते. ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. पण 'आळंदी' या नावाचे एक डाळिंबही पूर्वी प्रसिद्ध होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील बागेत डॉ. चीमा या फलोद्यानशास्त्रज्ञांनी या आळंदी वाणाच्या रोपांतून एक गुणी झाड निवडले. त्याच्या फळाचे बी मऊ होते आणि चव गोड होती. पुढे हाच वाण 'गणेश' या नावाने घरोघरी पोहोचला. त्यानंतर 'गणेश'च्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नवे वाण तयार केले. त्यांपैकी केशरी-लाल रंगाचा 'भगवा' आज देशोदेशीच्या बाजारांत जातो. म्हणजे भगव्याची वंशावळ लिहायची झाली, तर तिच्यात आळंदीचे नाव घ्यावेच लागेल.

माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यात आहे. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत तेथे गेलो, की दिसे तो मुरमाड माळ, बोरी-बाभळींची झुडपे आणि माण नदीचे कोरडे पात्र. पाऊस पडला तर ज्वारी पिकायची. नाही पडला तर माणसे कामाच्या शोधात गाव सोडायची. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीस साहाय्य देण्यास आरंभ केला आणि या माळाचे रूप पालटू लागले. थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या नळ्या आल्या. थोड्या पाण्यावर तग धरणारे डाळिंब त्या मुरमात रुजले. माझ्या मामेभावाने तीन एकर बाग लावली. त्या बागेच्या उत्पन्नावर त्याने विहीर बांधून काढली, घरावर स्लॅब घातला आणि मुलीला तालुक्याच्या शाळेत पाठवले. मामी म्हणायची, "आमच्या माळानं सात पिढ्या काटेच दिले, आता कुठं फळ देतोय."

आता पिंपरीविषयी. माझे वडील तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात नोकरीला होते. १९५४ साली स्थापन झालेला हा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला व १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. हे औषध १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला मातीतील एका सूक्ष्म जीवापासून मिळाले होते. क्षयरोगावर खात्रीने गुण देणारे ते पहिलेच औषध. वडील आम्हा भावंडांना सांगत, "माती नुसती धान्य देत नाही, औषधही देते." आणि ते खरेच होते. एम. जे. तिरुमलाचार या वनस्पतिरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली पिंपरीच्या प्रयोगशाळेत संशोधकांनी जे सूक्ष्म जीव अभ्यासले, त्यांपैकी एकाला शास्त्रीय नावच मिळाले 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'. त्याच्यापासून 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक औषध निघाले. झाडांच्या बुरशीसाठी 'ऑरिओफंजिन' निघाले आणि झाडांच्या जिवाणूजन्य रोगांसाठी 'स्ट्रेप्टोसायक्लिन' तयार होऊ लागले. या शेवटच्या औषधात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते.

स्ट्रेप्टोमायसिन हे नाव आमच्या घरात देवाच्या नावासारखे आदराने घेतले जाई. १९६८ साली माझ्या आईला क्षयाने गाठले. कित्येक महिने तिला त्या औषधाची इंजेक्शने आणि जोडीला गोळ्या घ्याव्या लागल्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वडिलांना बजावले होते, "औषध मी देईन, पथ्य तुम्ही सांभाळायचे." ते पथ्य कडक होते. एकही दिवस चुकवायचा नाही. बरे वाटू लागले म्हणून मध्येच औषध थांबवायचे नाही. खोकताना तोंडावर फडके धरायचे. थुंकी झाकणाच्या डब्यात जमा करून जाळून टाकायची. खिडक्या उघड्या ठेवायच्या. तिसऱ्या महिन्यात आईला बरे वाटू लागले, तेव्हा ती म्हणाली, "आता पुरे झाली ही सुयांची टोचणी." वडील शांतपणे म्हणाले, "रोग निघून गेला, असे आपल्याला वाटते. त्याला तसे वाटेपर्यंत थांबू या." आई पूर्ण बरी झाली आणि पुढे पुष्कळ वर्षे जगली. औषध आणि पथ्य ही जोडी तेव्हापासून माझ्या मनात पक्की बसली.

२००७ सालच्या पावसाळ्यात मामेभावाचा निरोप आला, "दादा, बागेत तेल्या शिरलाय. एकदा येऊन जा." मी गेलो. पानांवर बारीक, तेलाचा थेंब पडल्यासारखे डाग होते; उजेडात धरले की ते अधिक स्पष्ट दिसत. काही डाग काळपट तपकिरी झाले होते आणि त्यांभोवती पिवळे कडे उमटले होते. फांद्यांची पेरे काळी पडून मोडत होती. फळांवरच्या काळ्या डागांना तडे जात होते आणि पुरती न भरलेली फळे मधोमध उकलून आतले दाणे उघडे पडत होते. झाडाखाली अशा फळांचा खच पडला होता. मामी एकेक फळ उचलून पाटीत टाकत होती. ती काहीच बोलत नव्हती आणि तिचे ते न बोलणे मला फार जड वाटले.

हा रोग झँथोमोनास कुळातील एका जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. कित्येक वर्षे तो फारसा कोणाच्या लक्षात नव्हता. या शतकाच्या आरंभी मात्र त्याने कर्नाटक आणि महाराष्ट्रातील बागांत थैमान मांडले. ढगाळ दमट हवा, तीस अंशांच्या आसपासचे तापमान आणि वाऱ्यासह येणारा पाऊस हे त्याचे सोबती. पावसाच्या शिंतोड्याबरोबर तो या झाडावरून त्या झाडावर उडतो आणि पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वा जखमांतून आत शिरतो. छाटणीच्या कात्रीवर बसून तो साऱ्या बागेत फिरतो. आणि सर्वांत दूरचा प्रवास तो रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून करतो. शेतकरी स्वतःच पैसे मोजून त्याला घरी आणतो.

बागेच्या कडेच्या खोपटात मला रिकाम्या पुड्यांचा ढीग दिसला. मी एक पुडी उचलून वाचली. तिच्यावर स्ट्रेप्टोमायसिनचे नाव होते. ज्या औषधाने माझ्या आईचे प्राण वाचवले, ते येथे फवारणीच्या पिंपात पडत होते. मी विचारले, "किती वेळा मारतोस हे?" तो म्हणाला, "आधी पंधरा दिवसांनी मारत होतो, मग आठ दिवसांनी. आता पाऊस पडला की लगेच मारतो. दुकानदार प्रमाण वाढवायला सांगतो. बाग वाचायची म्हणजे करायचं काय दादा? कर्ज काढलंय मी." त्याच्या डोळ्यांत रागापेक्षा भीती अधिक होती. ज्याची तीन एकर बाग डोळ्यांदेखत सडते आहे, त्याला उपदेश करणे सोपे नसते.

सोलापूरला २००५ साली डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले होते. आम्ही दोघे तेथे गेलो. तेथील एका शास्त्रज्ञांनी आमचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या झाडांना शेवटची विश्रांती केव्हा दिलीत?" मामेभाऊ गप्प राहिला. एक फळ उतरले की दुसरा बहार, असाच त्याचा क्रम होता. मग त्यांनी समजावून सांगितले. जिवाणूंची संख्या अफाट असते. त्यांतले काही थोडे औषधाला दाद देत नाहीत. बाकीचे मरतात आणि हे चिवट तेवढे उरतात, वाढतात. औषध जितके अधिक वापरावे, तितकी चिवटांची निवड होत जाते. शिवाय एका जातीच्या जिवाणूने कमावलेला हा चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकतो. शेतातील माती, पाणी आणि माणसे यांचा संबंध सुटलेला नसतो. म्हणून माणसाच्या उपयोगाचे औषध झाडांवर मनमानेल तसे उधळणे म्हणजे उद्याच्या रोग्याच्या तोंडचा घास काढून घेणे होय. "औषध शेवटी येते," ते म्हणाले, "पथ्य आधी."

तो शब्द ऐकून मी चमकलोच. त्यांनी सांगितलेले पथ्य असे होते. मृगाचा बहार सोडून द्यायचा, कारण त्याची फळे नेमकी पावसात वाढतात. झाडांना तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्यायची आणि पाऊस सरताना हस्त बहार धरायचा. रोगट फांद्या डागाच्या खाली दोन इंच निरोगी भागातून छाटायच्या. प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवायची. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचे. गळलेली पाने आणि फळे वेचून जाळायची आणि जमिनीवर ब्लीचिंग पावडर टाकायची. मगच बोर्डो मिश्रणाची फवारणी करायची.

हे बोर्डो मिश्रण मोठे जुने आहे. फ्रान्समधील बोर्डो परगण्यात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत असत. त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ साली ते जगाला सांगितले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी; एक टक्क्याच्या मिश्रणाची कृती इतकी साधी. माझी पुतणी तेव्हा सातवीत होती. मिश्रण तपासण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा ती त्या निळ्या पाण्यात बुडवायची आणि वर काढून म्हणायची, "काका, तांबूस थर आलाय. अजून चुना हवा." खिळा जसाच्या तसा निघाला, की मगच पंप सुरू होई.

मृग बहार सोडणे ऐकायला सोपे होते. पदरी पडायला अवघड. मृगाला पाणी आभाळातून मिळते. हस्त बहाराची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर पक्व होतात आणि त्या वेळी सांगोल्यात विहिरींचा तळ दिसतो. म्हणजे टँकरचे पाणी विकत घेणे आले आणि एका वर्षाचे उत्पन्न हातचे सोडणे आले. त्या रात्री घरात बराच वेळ कोणी जेवले नाही. शेवटी मामीच म्हणाली, "बाळंतिणीलासुद्धा सव्वा महिना उठवत नाहीत. झाडांकडून तेवढंही राहू नये आपल्याला?" निर्णय झाला.

तरीही एक अडचण उरली होती. शेजारच्या बागेचा मालक तेल्याला कंटाळून गाव सोडून गेला होता. त्याची दीड एकर बाग तशीच, काळ्या फळांसकट उभी होती. प्रत्येक वादळी पावसाबरोबर तिच्यातून रोग बांध ओलांडून येणार, हे उघड होते. चौकशी केली तेव्हा कळले, की तो चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागला आहे. मी पिंपरीचा रहिवासी. त्यामुळे त्याला गाठण्याचे काम माझ्याकडे आले. त्याच्या सुटीच्या दिवशी मामेभाऊ आणि मी त्याच्या खोलीवर गेलो. आठ बाय दहाची खोली, तीत चौघे जण राहत. त्याने आमच्यासाठी चहा मागवला. आम्ही अडखळत विषय काढला, "झाडं काढून टाकायला परवानगी दे; खर्च आम्ही करू."

तो बराच वेळ मान खाली घालून बसला. भिंतीवर खिळ्याला कारखान्याचे ओळखपत्र टांगलेले होते. त्याची दोरी तो बोटांनी उगीच सरळ करीत राहिला. मग म्हणाला, "माझी झाडं दुसऱ्यानं तोडलेली मला चालणार नाही. दोन दिवसांची रजा काढतो. मीच येतो." आणि तो खरोखर आला. दोन दिवस तो, मामेभाऊ आणि वाडीतले आणखी सहा-सात जण मिळून झाडे मुळांसकट उपटत होते. ढीग पेटवताना मात्र तो बांधावर जाऊन पाठ करून उभा राहिला. कोणीही त्याला हाक मारली नाही.

त्या धुराने एक गोष्ट साधली. वाडीतल्या ज्या लोकांनी आजवर एकमेकांपासून आपल्या बागेतला रोग लपवला होता, ते बोलू लागले. रोग कळला तर व्यापारी भाव पाडील, या भीतीने प्रत्येक जण गप्प होता. आता देवळात बैठक बसली. सर्वांनी एकाच वेळी बागा विश्रांतीला सोडायच्या, एकाच आठवड्यात छाटणी करायची आणि छाटणीच्या मजुरांनी प्रत्येक बागेत शिरताना कात्री धुवायचीच, असे ठरले. पहिल्या वर्षी सगळ्यांनी ते पाळले नाही. दुसऱ्या वर्षी पाळणाऱ्यांच्या बागा पाहून आणखी काहींनी पाळले. मामेभावाला पहिल्या हस्त बहारात पूर्वीच्या निम्म्यानेही फळ मिळाले नाही; पण मिळाले ते स्वच्छ, डागाविना मिळाले. कर्ज एकदम फिटले नाही, मात्र बाग उभी राहिली.

तेल्या सांगोल्यातून गेलेला नाही. ज्या वर्षी परतीचा पाऊस लांबतो, त्या वर्षी तो पुन्हा डोके वर काढतो. त्याला कायमचा घालवील असे औषध अजून हाती आलेले नाही. उलट, २०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतील वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. माणसांच्या रोगांवर ही औषधे निकामी होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. ती वार्ता वाचताना मला पिंपरीतील आमचे छोटे घर, झाकणाचा तो डबा आणि उघड्या खिडक्या आठवल्या. औषध कारखान्यात तयार होते. त्याचा गुण टिकवणे मात्र वापरणाऱ्याच्या हाती असते. गावची विहीर जशी एकाची नसते, तसेच हेही. एकाने घाण केली तर तहान सगळ्यांची अडते.

चाकणला गेलेला तो शेजारी अजूनही कारखान्यातच आहे. परंतु चार वर्षे जमीन मोकळी ठेवून त्याने पुन्हा बाग लावली. तिच्यावर त्याचा धाकटा भाऊ राबतो. रोपांची गाडी आली, त्या दिवशी मी योगायोगाने तेथे होतो. गाडीवाल्याने फळी उघडली आणि रोपे उतरवायला हात घातला. तेव्हा तो पुढे झाला आणि त्याने एक रोप उचलून पानाची खालची बाजू उन्हाकडे धरली. मग आणखी एक पाहिले. अशी वीस-पंचवीस रोपे पाहून झाल्यावर तो गाडीवाल्याला म्हणाला, "ही कोणत्या बागेची कलमं आहेत, ते आधी सांग. उतरवायचं नंतर बघू."